कागद वाचकाचा

लातूरच्या गंजगोलाईजवळ एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून एक दैनिक निघत असे. खप फार मोठा नव्हता, पण शहरात आणि औसा, निलंगा, उदगीरच्या बाजूला त्याच्या शब्दाला वजन होतं. मालक तेच संपादक. त्यांना सगळे भाऊ म्हणत. पानं लावणारे काका भाऊंच्या वडिलांच्या काळापासूनचे होते. त्यांनी खिळे जुळवले होते, ब्रोमाइडच्या पट्ट्या कापून चिकटवल्या होत्या, मग पेजमेकरवर हात बसवला होता. पानावर नजर टाकली की कुठली बातमी उपाशी राहिली आणि कुठली माजली, ते त्यांना लगेच कळे.

ही गोष्ट २०१८ च्या उन्हाळ्यातली. दोनच वर्षांपूर्वी या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ती आठवण ताजी होती. त्यामुळे अंक हातात पडला की लोक आधी आपल्या वॉर्डात नळ कधी सुटणार ते शोधत. त्याच्या खालोखाल शोधले जात ते बाजारभाव: सोयाबीन, तूर, हरभरा.

भाऊंनी दैनिकाची वेबसाइट नव्याने करायचं ठरवलं आणि पुण्याला डिझाइन शिकून आलेल्या एका मुलीला काम दिलं. त्यांच्या केबिनमध्ये सत्तावीस इंची पडदा होता. त्यावर पहिल्या पानाचा नमुना लावून ते म्हणाले, "हे बघ पोरी, आपला अंक गंजगोलाईत जसा दिसतो तसाच औशाच्या पारावर दिसतो. श्रीमंताला वेगळा आणि गरिबाला वेगळा असा अंक आपण काढत नाही. वेबसाइटही तशीच पाहिजे. या पडद्यावर दिसते तशीच्या तशी सगळ्यांना दिसली पाहिजे."

भाऊंचं हे मागणं हट्टाचं नव्हतं. सगळ्यांना एकच अंक, हे तत्त्व त्यांनी वडिलांकडून घेतलं होतं आणि आयुष्यभर पाळलं होतं. ते आता कुठे जपायचं, एवढाच प्रश्न होता.

मुलीने वाद घातला नाही. तिने कार्यालयातल्या सगळ्यांचे फोन मागितले आणि भाऊंच्या टेबलावर ओळीने मांडले. जाहिरात व्यवस्थापकांचा मोठा आयफोन होता, वार्ताहरांचे मधल्या किमतीचे अँड्रॉइड होते, काकांचा काचेला तडा गेलेला होता, आणि शेवटी गठ्ठे बांधणाऱ्या मामांचा जिओफोन. त्याचा पडदा २.४ इंचांचा, म्हणजे २४० बाय ३२० ठिपके, आणि खाली बटणं. प्रत्येकावर तिने भाऊंना आवडलेलं ते पान उघडलं.

पान सगळीकडे सारखंच दिसलं. पाचही कॉलम होते, मथळे होते, फोटो होते. पण मामांच्या फोनवर अक्षरांची नुसती करडी धूळ झाली होती.

"हे असं का?" भाऊंनी विचारलं.

"फोनच्या ब्राउझरला आपण काही सांगितलं नाही, तर पान संगणकासाठीच केलंय असं तो धरून चालतो. बहुतेक फोन साधारण ९८० ठिपक्यांची रुंदी मानून पान मांडतात आणि मग सगळंच आखडून आपल्या पडद्यात बसवतात. तुम्ही मागितलंत तसंच झालंय भाऊ. सगळ्यांना सारखं दिसतंय, पण मामांना वाचता येत नाही."

भाऊ फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले.

"छापताना कागद आपला असतो," मुलगी म्हणाली. "त्याची लांबीरुंदी आपण ठरवतो, आणि तोच कागद वाचकाच्या घरी जातो. इथं कागद वाचकाचा असतो. तो केवढा असेल, ते आपल्याला आधी कळत नाही."

जाहिरात व्यवस्थापक पुढे सरसावले. "मग सोपं आहे की! तीन वेगवेगळ्या करू. संगणकाची एक वेबसाइट. मोबाइलची एक साधी, थोडक्या बातम्यांची. आणि चांगल्या टॅबलेटवाल्यांसाठी झकास ॲप. पैसेवाला वाचक तिथेच असतो, जाहिरातही तिथेच मिळेल."

"दोन दैनिकांचं काय झालं ते आधी ऐका, आणि मग ठरवा," मुलगी म्हणाली.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं, तशी ती सांगू लागली.

"२०१० साली ॲपलचा आयपॅड आला. वर्तमानपत्रांचं भविष्य आता याच काचेत आहे, असं पुष्कळांना वाटू लागलं. रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पने फक्त आयपॅडसाठी एक नवंकोरं दैनिक काढलं. नाव 'द डेली'. तीन कोटी डॉलर घातले. २ फेब्रुवारी २०११ ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात थाटात सुरुवात झाली. आठवड्याला ९९ सेंट वर्गणी. पानं सुरेख होती, हलती चित्रं होती, पण ज्याच्याकडे आयपॅड नाही तो दाराबाहेर. रोजचा अंक उतरवून घ्यायला वेळ लागे तो वेगळाच. पुढे ते इतर टॅबलेटवर गेलं, आयफोनवरही गेलं. वर्गणीदार लाखाच्या आसपास आले, पण खर्च भागायला त्याच्या कितीतरी पट लागणार होते. १५ डिसेंबर २०१२ ला ते बंद झालं."

"नुसतं पडद्यापायी बुडालं म्हणतेस?"

"नाही भाऊ. खर्च अवाढव्य होता, नाव नवं होतं, कुणाला त्याची सवय नव्हती. पण पुरेसे वाचक वेळेत मिळाले नाहीत, हे मालकांनीही बंद करताना सांगितलं. आणि वाचक मिळायची वाट त्यांनी स्वतःच एका यंत्राएवढी अरुंद केली होती."

"आणि दुसरं?"

"दुसरं १८७२ पासूनचं. 'बोस्टन ग्लोब'. त्यांनीही २०११ मध्येच, सप्टेंबरात, नवी वेबसाइट उघडली. पत्ता एकच, पान एकच. फोनवर ते एका कॉलमात वाहायचं, पडदा रुंदावेल तसे कॉलम वाढायचे. ईथन मार्कॉट नावाच्या डिझायनरने २५ मे २०१० ला 'अ लिस्ट अपार्ट' या वेबवरच्या नियतकालिकात ही रीत मांडली होती. एवढं मोठं वर्तमानपत्र या रीतीने करून बघणं तोवर जवळपास कुणाच्या मनात नव्हतं. बोस्टनच्याच फिलामेंट ग्रुपची मंडळी त्या कामात होती, आणि मार्कॉट स्वतःही."

"रीत काय ती सांग," काका म्हणाले. ते आतापर्यंत गप्प होते.

"तीन गोष्टी, काका. कॉलमचं माप ठिपक्यांत ठरवायचं नाही, रुंदीच्या टक्क्यांत ठरवायचं. चित्राला सांगायचं की तुझ्या चौकटीपेक्षा मोठं व्हायचं नाही, चौकट लहान झाली की तूही लहान हो. आणि ब्राउझरलाच विचारायचं की बाबा तू किती रुंद आहेस, आणि त्याच्या उत्तराप्रमाणे मांडणी बदलायची. त्याला मीडिया क्वेरी म्हणतात."

मग तिने न्यूटनची हकीकत सांगितली. न्यूटन म्हणजे हातात धरायचं ॲपलचंच एक जुनं यंत्र. पडदा ४८० बाय ३२० ठिपक्यांचा आणि रंग नाहीत, नुसत्या करड्या छटा. ॲपलने ते १९९८ मध्येच बंद केलं होतं. जुन्या यंत्रांच्या एका षौकिनाने त्यावर ग्लोबची नवी वेबसाइट उघडून पाहिली आणि बातम्या वाचता आल्या. आयफोन जन्मायच्या नऊ वर्षं आधी बंद पडलेलं ते यंत्र. त्याच्यासाठी कुणी वेगळं काही लिहिलं नव्हतं. पान मुळात साध्या मजकुराचं होतं, आणि बाकीचा साज ज्या यंत्राला पेलेल त्याच्यावरच चढत होता.

"मग ग्लोब काय फुकट होता?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"नाही. थोड्याच दिवसांत वर्गणी लावली, आठवड्याला ३.९९ डॉलर, म्हणजे 'डेली'पेक्षा महाग. पैसे मागायला हरकत नाही साहेब, दैनिक चालवायचंय. पण वाचकाने कुठलं यंत्र घेऊन यावं, याची अट त्यांनी घातली नाही."

"ते अमेरिकेचं झालं."

"बीबीसीने २०१२ पासून हीच वाट धरली. ब्राउझरला दोनतीन गोष्टी येतात का ते आधी बघायचं. येत असतील तर पुढचा साज पाठवायचा, नाहीतर साधं पान पाठवायचं. पण पान प्रत्येकाला मिळालंच पाहिजे. त्यांची मराठी सेवा गेल्या ऑक्टोबरात सुरू झाली. ती पानंही सगळ्या पडद्यांना एकच आहेत."

मोबाइलसाठी थोडक्या बातम्यांची वेगळी वेबसाइट, हा मुद्दा अजून शिल्लक होता. तो काकांनी घेतला.

"भाऊ, आपली डाक आवृत्ती आठवते? रात्री नऊला पान सोडायचो, कारण उदगीरकडची गाडी निघायची. साडेनवाला काही घडलं की ते फक्त शहर आवृत्तीत. गावातल्या माणसाने पैसे तेवढेच मोजायचे आणि बातमी एक दिवस शिळी वाचायची. लोक विचारायचे, आम्ही काय कमी पैसे देतो का? तेव्हा रस्ता लांब होता, आपला नाइलाज होता. इथं कुठला रस्ता मध्ये आलाय? लहान फोनवाल्याला कमी बातम्या द्यायच्या, त्या का म्हणून?"

भाऊंच्या वडिलांनी डाक आवृत्तीची वेळ एका तासाने पुढे ढकलण्यासाठी स्वतःची जीप घातली होती. ते काकांना माहीत होतं आणि भाऊंनाही. तीन वेबसाइटींचा विषय तिथेच मिटला.

काम सुरू झालं. मुलीने बाजारातल्या फोनांच्या मापांची यादी केली नाही. सगळ्यांत अरुंद पडद्यापासून सुरुवात केली, मग खिडकी हळूहळू रुंद करत नेली, आणि जिथे ओळ वाचायला फार लांब वाटू लागली किंवा मथळ्याशेजारी नुसतीच मोकळी जागा पडली, तिथे मांडणी बदलली. मजकूर स्वतःच सांगतो, असं ती म्हणे. पुढच्या वर्षी कुठला फोन येईल ते कुणालाच माहीत नसतं, पण ओळ किती लांब झाली की डोळा चुकतो, ते फोन बदलले म्हणून बदलत नाही.

देवनागरीने तिला वेगळा त्रास दिला. इंग्रजी नमुन्यांतलं ओळींमधलं अंतर तसंच घेतलं, तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसत. मथळ्याची अक्षरं सुटी केली की शिरोरेखा तुटे. दोन्ही कडा छापील कॉलमसारख्या सरळ करायला गेलं, तर अरुंद पडद्यावर 'जिल्हाधिकाऱ्यांच्या' हा एवढा शब्द अख्खाच्या अख्खा खाली उतरे आणि वरच्या ओळीत भगदाडं पडत. "उजवी कड सोडून दे मोकळी," काकांनी सांगितलं, आणि तिने सोडली. मुंबईच्या एक टाइप मंडळींचा 'मुक्ता' हा टाइप तिने निवडला. जोडाक्षरांमुळे देवनागरी टाइपची फाइल जड असते, म्हणून मजकूर आधी फोनच्या स्वतःच्या अक्षरांत दिसेल आणि मुक्ता मागाहून येईल, अशी सोय केली. फोटोही दोनतीन आकारांत ठेवले, म्हणजे लहान पडद्याला मोठ्या फोटोचा डेटा उगीच जाळावा लागणार नाही.

खरी अडचण आली ती बाजारभावाच्या तक्त्यात. शेतमाल, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर: सात रकाने. २४० ठिपक्यांत सात रकाने मावत नाहीत. तक्ता आडवा सरकवायची सोय करता येते, पण शेवटच्या रकान्यापर्यंत जाईतो पहिल्यातलं पिकाचं नाव पडद्याबाहेर निघून जातं आणि हा भाव तुरीचा की हरभऱ्याचा, ते कळेनासं होतं. व्यवस्थापक म्हणाले, "चार रकाने काढून टाक." मुलीला ते पटेना. कुठले चार काढायचे, हे तिला ठरवायचं नव्हतं.

काका तिला घेऊन आडत बाजारात गेले. सौदे आटोपले होते. ट्रॉलीला टेकून बसलेल्या शेतकऱ्यांना काकांनी एकच विचारलं, पेपर उघडल्यावर भावात आधी काय बघता? बहुतेकांनी सर्वसाधारण दर सांगितला. जास्तीत जास्त दर एखाद्याच ढिगाला मिळतो, त्यावर भरवसा ठेवून माल आणला की माणूस फसतो. मग आवक बघतात, कारण आवक वाढत असेल तर उद्या थांबावं की आजच विकावं, ते त्यावरून ठरतं. एका म्हाताऱ्याने मात्र कमीत कमी दरावर बोट ठेवलं. त्याचा माल भिजलेला होता, त्याला तळच बघायचा होता.

परतल्यावर मुलीने तक्ता मोडून पुन्हा बांधला. लहान पडद्यावर प्रत्येक पिकाचा एक खण. वर ठळक अक्षरांत पिकाचं नाव आणि समोर सर्वसाधारण दर, त्याखाली आवक, त्याखाली बाकीचे दर आपापल्या नावांसकट. पडदा रुंद झाला की तेच आकडे पुन्हा सात रकान्यांच्या तक्त्यात बसत. एकही आकडा तिने गाळला नाही. भिजलेल्या मालाच्या म्हाताऱ्याला थोडं खाली जावं लागणार होतं, पण त्याचा दर तिथे होता.

आणि मग, सगळं जमत आलं असताना, काम पहिल्या पानाशी येऊन अडलं.

मोठ्या पडद्यावर पहिल्या पानाच्या डाव्या अंगाला नळाच्या पाण्याचं वेळापत्रक होतं आणि उजव्या अंगाला शहरातल्या एका नेत्याच्या सत्काराचा मोठा फोटो. वर्षानुवर्षं छापील अंकातही असंच चालत आलं होतं. पाणी आणि सत्कार शेजारीशेजारी, दोघेही घडीच्या वर. वाचकाला बातमी मिळे, नेत्याला मान मिळे, आणि दैनिकाला वाढदिवसाच्या जाहिराती. ते ओझं आजवर पानाच्या रुंदीने पेललं होतं.

"फोनवर एकच कॉलम आहे, भाऊ," मुलगी म्हणाली. "यातलं आधी काय येणार?"

"दोन्ही वर घे."

"एका कॉलमात वर एकच असतं."

"तुमच्या कोडमध्ये होतं ना वरखाली करता? मोठ्या पडद्यावर एक, लहानावर दुसरं?"

"दिसायला करता येतं. पण मुळात लिहिताना एक क्रम द्यावाच लागतो. आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, तो वाचक पान ऐकतो. फोन त्याला मूळ क्रमानेच वाचून दाखवतो. त्याच्यासाठी सत्तावीस इंची पडद्यावरही एकच कॉलम असतो."

व्यवस्थापकांनी हलक्या आवाजात जाहिरातींचा आकडा सांगितला. तो लहान नव्हता. अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणच्या दैनिकाच्या मालकाला काय वाटतं, ते दुरून सांगणं सोपं आहे. महिन्याच्या एक तारखेला पगार त्यालाच करायचे असतात. भाऊ बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. मग त्यांनी मामांना आत बोलावलं आणि त्यांचाच जिओफोन त्यांच्या हातात दिला.

"मामा, सकाळी हे उघडलंत तर पहिल्यांदा काय दिसायला पाहिजे?"

मामांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "नळ कधी येनार त्ये," ते म्हणाले. "बायको रातीपासून बसती की जागी. पयलं त्येच बघायचं."

"आणि सत्काराचा फोटो?"

"बघंल की मागनं. पानी भरून झाल्यावर."

भाऊंनी मुलीकडे वळून क्रम सांगितला. आधी पाणी. मग बाजारभाव. मग शहर आणि तालुक्याच्या बातम्या. मग सत्कार आणि कार्यक्रम. आणि हाच क्रम सगळ्या पडद्यांवर, लहानांवर आणि मोठ्यांवर. "सगळ्यांना एकच अंक, एवढंच तर मी म्हणत होतो," ते म्हणाले.

पावसाच्या तोंडावर नवी वेबसाइट सुरू झाली. त्याच संध्याकाळी काका नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशीच्या छापील अंकाचं पहिलं पान लावत होते. उजव्या कोपऱ्यात फोटोची जागा सोडून डमी आखलेली होती. भाऊ येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"काका, पाण्याची बातमी वर सहा कॉलम घ्या. फोटो घडीच्या खाली."

काकांनी मान वर करून एकदा भाऊंकडे पाहिलं आणि पान मोडलं.

तिसऱ्या दिवशी नेत्याच्या स्वीय सहायकांचा फोन आला. साहेब नाराज आहेत, एवढ्या वर्षांचे संबंध आहेत, फोटो खाली कसा काय गेला? वेबसाइटवर तर पार खाली गेलाय. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. व्यवस्थापक समोरच उभे होते.

"साहेबांना नमस्कार सांगा," भाऊ म्हणाले. "आणि वॉर्डात रोज पाणी कधीपासून येणार, तेवढी तारीख त्यांच्याकडून घेऊन मला कळवा. ती बातमी त्यांच्या नावासकट सगळ्यांत वर घेतो. फोनवरही आणि अंकातही."